तांब्याच्या तारेतली नथ

गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बहीण टांग्यातून आमच्या दारात उतरली. तिच्याबरोबर ट्रंक होती. माणूस कोणी नव्हतं.

आईने ट्रंकेकडे पाहिलं आणि मला ती आत न्यायला सांगितली. ताईने ओसरीवर पाय धुतले. वडील वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"ते त्यांनी सांगितलं नाही," ताई म्हणाली.

त्याला आता पुष्कळ वर्षं लोटली. ताई यंदा पौषात वारली. तिची खोली मी एकट्यानेच आवरायला घेतली. रोज थोडं. एक दिवस पुस्तकं, एक दिवस भांडी, एक दिवस नुसताच खिडकीशी बसून परत आलो. शिवणाचा डबा उघडला त्या दिवशी मात्र आवरणं थांबलं. डब्यात काय होतं ते सांगायचं तर आधी नथीचं सांगायला हवं, आणि ते आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत कोणी मोठ्याने सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही तेव्हा ठाण्यात, खोपटच्या अलीकडे राहत होतो. वडील कचेरीतून निवृत्त झालेले. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला कल्याणला दिलं होतं, तळ्याजवळच्या एका जुन्या घरात. घर खाऊनपिऊन सुखी. सासूबाई कर्त्या, सासरे नव्हते, नवरा विजेच्या कामावर होता. मॅट्रिकला ताईला माझ्याहून चांगले मार्क होते. लग्नात ते कौतुकाने सांगितलं गेलं आणि नंतर कोणी काढलं नाही.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून खडे आणायचे, पूजा करायची, तिसऱ्या दिवशी परत पाण्यात सोडायचे. खड्यांना दागिने घालायची सोय नाही. ताईच्या सासरी गौर तेरड्याची. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून त्यांची जुडी बांधायची, कागदावर रंगवलेलं तोंड तिला लावायचं, साडी नेसवायची आणि घरातले दागिने घालायचे. विसर्जनाआधी साडी-दागिने उतरवून घ्यायचे. मग ती जुडी, कागदाच्या तोंडासकट, तळ्यात जाते.

त्या घरची नथ मोठी होती. सासूबाईंच्या आजेसासूची. तिच्या वजनाने कागद फाटायचा. आदल्या वर्षी गौरीचं नाक ओठापर्यंत फाटलं आणि सासूबाईंना त्याचा दिवसभर खेद वाटत राहिला. म्हणून त्या वर्षी ताईच्या यजमानांनी कामावरून तांब्याची जाड तार आणली. ताईने जुडी धरली, त्यांनी कागदाच्या मागून तारेचे वेढे घेतले, टोकं पिळून घट्ट केली आणि नथीचा आकडा कागदातून आरपार नेऊन तारेतच अडकवला. "आता ओढली तरी येणार नाही," ते म्हणाले. ताई हसली. हे तिने मला नंतर इतक्यांदा सांगितलं की ती जुडी मीच धरली होती असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि संध्याकाळी ताई बाजूला बसली. त्या काळी महिन्याचे ते दिवस म्हणजे माजघराच्या पलीकडच्या खोलीत, चटईवर. देवाच्या कशालाही शिवायचं नाही. तिसऱ्या दिवशी गौरीचे दागिने सासूबाईंनी उतरवले. घरातली सगळी माणसं गौर घेऊन तळ्यावर गेली. मागे एकटी ताई राहिली, कारण ती जाऊ शकत नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंनी डबा उघडला. नथ नव्हती.

घरात मागे कोण होतं, या प्रश्नाला उत्तर एकच होतं. ताईने सांगितलं की नथ तारेत अडकवलेली होती, ती तशीच पाण्यात गेली असणार. सासूबाई म्हणाल्या, "मी माझ्या या हातांनी काढली आणि डब्यात ठेवली." त्या खोटं बोलत नव्हत्या असं ताई शेवटपर्यंत म्हणायची. दरवर्षी काढायच्या, दरवर्षी डब्यात ठेवायच्या. त्यांच्या हातांना मागच्या सगळ्या वर्षांची आठवण होती.

"यांना विचारा," ताई म्हणाली. "तार यांनीच बांधली."

त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला काही आठवत नाही."

सासूबाईंनी मग विचारलं की माहेरून कोणी येऊन गेलं का. दुपारी मागच्या दाराने. नथ माहेरी पोचली असेल तर तिथूनच घेऊन ये, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टांगा बोलावला.

आमच्या घरात यावर आरडाओरडा झाला नाही. वडील दोनदा कल्याणला जाऊन आले. पहिल्यांदा त्यांना चहा मिळाला, दुसऱ्यांदा मिळाला नाही. आई शेजारणींना सांगे, बाळंतपणाला नाही, सहज आली आहे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा शेजारणींनी विचारायचं सोडलं. ताई घरात काम करायची आणि उरल्या वेळात माझी पुस्तकं वाचायची. माझ्या शाळेतल्या मुलांचे निबंध तपासून द्यायची. तिच्या खुणा माझ्यापेक्षा कडक असत. एकदा एक मुलगा मला म्हणाला, "सर, तुमचं अक्षर दोन प्रकारचं आहे."

दुसरी मोठी लढाई संपून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांची वसाहत झाली होती आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान बाजारात वजनावर विकलं जात होतं. बूट, कंदील, पाण्याच्या बाटल्या, कशाच्या तरी पेट्या. माझा एक शाळासोबती ठाण्यात रेडिओ दुरुस्त करायचा. तो असलं सामान आतल्या भागांसाठी घ्यायचा. त्याच्या दुकानात एका कोपऱ्यात लांब दांडा आणि त्याला पोळपाटासारखी चकती असलेलं एक यंत्र उभं होतं. बरोबर खांद्यावर अडकवायची पिशवी आणि कानाला लावायचे भोंगे.

"हे काय?"

"जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं. कानात सारखी घूं वाजते. खाली धातू आला की आवाज चढतो. आतले व्हॉल्व्ह चांगले आहेत, काढीन कधी तरी."

मी त्याला नथीचं सांगितलं. तो मोठ्याने हसला. "अरे, हे रणगाडा उडवणाऱ्या सुरुंगासाठी केलंय, तुझ्या ताईच्या सासूच्या नाकासाठी नाही. नथीएवढं सोनं याला ऐकूच येणार नाही."

मी घरी येऊन ते ताईला सांगितलं, गंमत म्हणून. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आणि तार?" ती म्हणाली. "त्याला विचार, तारेचं वेटोळं असेल तर?"

मी विचारलं. सोबती हसायचा थांबला. तार किती जाड, वेढे किती, टोकं पिळलेली होती का, असं सगळं विचारत राहिला. मग म्हणाला, "बंद वेटोळं असेल तर ऐकेल. चांगलंच ऐकेल. घेऊन जा. पण व्हॉल्व्ह फोडलेस तर तुझी ताई राहू दे, मीच तुला पाण्यात सोडीन."

यंत्राची परीक्षा आम्ही मागच्या अंगणात घेतली. त्याने दिलेल्या तारेचं वेटोळं ताईने अळवाच्या वाफ्यात कुठे तरी पुरलं आणि मला तोंड फिरवून उभं केलं. मी चकती फिरवत गेलो. विहिरीच्या रहाटापाशी यंत्र ओरडलं, धुण्याच्या दगडाजवळ ओरडलं, तिथे एक जुना खिळा निघाला. आणि अळवात एका जागी आवाज असा चढला की मी दचकून भोंगे काढले. ताईने ते आपल्या कानांना लावले, चकती त्या जागेवर नेली, बाजूला नेली, परत आणली. "गातंय रे," ती म्हणाली आणि हसली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. ताईच्या हसण्याचा आवाज त्या घरात गौरींनंतर पहिल्यांदाच येत होता.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. तळ्याचं पाणी आत सरकलं होतं. काठचा गाळ शेतात घालायला गाड्या भरभरून नेत होते, तेव्हा जे शोधायचं ते लवकर शोधायला हवं होतं. मी सकाळी कल्याणला जायचो. विसर्जनाची पायरी ठाऊक होती. पायरीपासून पाण्याकडे पट्टे आखून मी एकेक पट्टा चालत असे. चिखल पोटऱ्यांपर्यंत. डोक्याला पंचा, कानाला भोंगे, हातात दांडा. ताईच्या सासरचं कोणी पाहील ही भीती मला आधी होती. ती पहिल्याच दिवशी गेली. त्या अवताराकडे पाहणाऱ्या कोणालाही मी त्यांचा सोयरा वाटलो नसतो.

गाळ भरणाऱ्यांत एक आगरी म्हातारी होती. ती टोपली भरता भरता माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, लराई त कवाच सपली. आता कनचा सुरुंग शोधताव?"

मी मास्तर आहे हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. मी म्हणालो, "एक वस्तू हरवलीय, आजी."

"बायकोची?"

"बहिणीची."

"मंग शोध," ती म्हणाली. नंतर तिने गाडीवाल्याला त्या पायरीसमोरचा गाळ शेवटी न्यायला सांगितलं. एवढंच. मला कधी तिने परत विचारलं नाही.

यंत्राने पुष्कळ काही काढलं. बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या, निरांजन, कडी तुटलेली बादली, जोडवं. मी ते सगळं पायरीवर ठेवत असे आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही नसे. आठवडाभराने मला वाटू लागलं की आपण एका कल्पनेच्या मागे चिखल तुडवतो आहोत. ताई रोज संध्याकाळी विचारत नसे. फक्त माझं धोतर भिजत घालताना त्यावरच्या चिखलाकडे पाहायची.

मग एका सकाळी, पायरीपासून बरंच डावीकडे, आवाज चढला. अळवात चढला होता तसा. मी हात घातला. आधी मुळांचा काळा गुंता लागला, मग बोटांना तार लागली. उपसून वर काढली. दोन वेढे, पिळलेली टोकं. आणि तारेत अडकलेला, चिखलाने भरलेला एक गोळा. तो मी पाण्यात हलवला. मोती मंद झाले होते. सोनं तसंच होतं.

मी तिथेच पायरीवर बसलो. मला धावत त्या घरी जायचं होतं. दोन गल्ल्या पलीकडे होतं. चिखलाच्या पायांनी ओटीवर चढायचं, सासूबाईंना हाक मारायची आणि हे त्यांच्या पुढ्यात टाकायचं. गाडीत बसून ठाण्याला येईपर्यंत मी ते बोलणं मनात पाचपन्नास वेळा बोललो. गेलो नाही, कारण ती वस्तू माझी नव्हती आणि अपमानही माझा नव्हता. आधी ताईला दाखवायला हवं, एवढंच तेव्हा कळत होतं.

ताईने तार हातात घेतली. नथीला हात लावला नाही. पिळलेल्या टोकांवरून बोट फिरवत राहिली.

आई म्हणाली, "पाण्यात गेलेलं गौरीचं झालं. काढलंस कशाला? परत सोडून ये."

वडील म्हणाले, "काही तरीच काय. दुसऱ्याची वस्तू आहे. आजच्या आज पोचती करायची. आपण सगळेच जाऊ. पोरीवरचा आळ गेला, आता ते तिला मानाने घरात घेतील. ट्रंक भर गं."

ताई म्हणाली, "अण्णा, नथ दिली की तुम्ही मला तिथे ठेवून येणार?"

"तुझं घर आहे ते."

"मग नथ इथेच राहू दे."

वडिलांना ते कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. मी इतके दिवस चिखलात उभा होतो तो तिचं नाव धुऊन निघावं म्हणून. नाव धुऊन निघालं की ती कुठे जाईल याचा विचार मी केला नव्हता. ताईने जूनपासून अध्यापिकांच्या प्रशिक्षणवर्गाला जायचं ठरवलं होतं. वडिलांनी 'बघू' म्हटलं होतं, कारण टाकलेल्या मुलीने काही तरी करायलाच हवं. न टाकलेल्या मुलीला ते करायची गरज नव्हती. आळ होता तोवर तिला वर्ग होता.

"तिथे जाऊन काय वाईट होतं?" आईने विचारलं. "मारतात का तुला?"

"नाही," ताई म्हणाली. "कोणी मारत नाही. पण आई, त्यांनी माझ्यासमोर ही टोकं पिळली. आणि म्हणाले, आठवत नाही. उद्या दुसरं काही हरवलं की तेव्हाही त्यांना आठवणार नाही. मी रोज त्यांच्या आठवण्याची वाट पाहत बसू?"

आई उठून आत गेली.

नथ आमच्या घरात राहिली. आईने ती देवापाशी ठेवू दिली नाही, कपाटात ठेवू दिली नाही. शेवटी मी ती चहाच्या रिकाम्या डब्यात घालून यंत्राच्या पिशवीत ठेवली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की नथ माहेरी पोचली असेल. ते बोलणं आता खरं झालं होतं. दारावर कोणी आलं की वडील त्या पिशवीकडे पाहत. कचेरीत सारी हयात काढलेला तो माणूस. कोणाची टाचणी घरी आणली नव्हती. आणि आता त्यांच्या घरात दुसऱ्याचं सोनं होतं, ते कोणाचं आहे हे ठाऊक असून. ते जेवताना बोलेनासे झाले. एकदा मला म्हणाले, "तू ती शोधली नसतीस तर बरं झालं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "नाही. तसं नाही."

मी ताईशी बोलून पाहिलं. म्हटलं, मी गुपचूप पायरीवर ठेवून येतो, किंवा कोणाच्या तरी हाती पाठवतो. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटेल मला उपरती झाली. मी परत पाठवली." ते बरोबर होतं. नथ कशी सापडली हे सांगितल्याशिवाय देता येत नव्हती, आणि सांगितलं की ताईला परत पाठवण्यापासून वडील स्वतःला अडवू शकले नसते. मी दोघांच्याही बाजूने विचार करायचो आणि दोन्हीकडे मला पटायचं. पुस्तकं वाचून ही सवय लागते. तिचा त्या उन्हाळ्यात काही उपयोग झाला नाही.

जूनमध्ये ताई वर्गाला जाऊ लागली. नऊवारी नेसून, वेणीचा अंबाडा घालून, माझी जुनी छत्री घेऊन. तिला मुलांना गोष्ट सांगायचा पाठ आवडायचा. संध्याकाळी ती आईला समोर बसवून पाठ घ्यायची. आई मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची. "कावळा काय म्हणाला?" "म्हणाला, मला चहा टाका." एके दिवशी वडील दारात उभे राहून पूर्ण पाठ ऐकत होते. ताईचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

भाद्रपदात माझी मावशी आली. तिचं कल्याणला जाणं-येणं होतं. बोलता बोलता म्हणाली की ताईच्या सासूबाईंनी यंदा गौरीला नथ घालणार नाही असं सांगितलंय. शेजारणीने आपली देऊ केली, तर नाही म्हणाल्या. या घरच्या गौरीच्या नाकात दुसऱ्या घरची नथ नको. बिननथीची बसेल. आणि मग, मावशी म्हणाली, माजघरात जाऊन रडल्या. तिने स्वतः पाहिलं.

ताई त्या दिवशी जेवली नाही. आपल्यावर आळ घेणाऱ्या बाईच्या रडण्याने तिला का वाईट वाटावं, मला राग आला. मी तसं म्हणालो.

"आळ त्यांनी घेतला, तो त्यांच्यापाशी आहे," ती म्हणाली. "पण गौरीचं नाक माझ्यामुळे उघडं आहे. नथ माझ्यापाशी आहे ना."

"मग देऊ या."

"अण्णा?"

आम्ही दोघंही ओसरीकडे पाहू लागलो. वडील तिथे बसलेले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते उठले, आत आले, पिशवीतून चहाचा डबा काढला आणि ताईसमोर ठेवला.

"गौरी जेवायच्या दिवशी नेऊन दे," ते म्हणाले. मग डब्याचं झाकण घट्ट बसवून म्हणाले, "आणि संध्याकाळच्या गाडीने घरी ये."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी. इथे. दुसऱ्या दिवशी वर्ग आहे ना तुझा?"

ताई उठून त्यांच्या पाया पडली. ते म्हणाले, "पुरे, पुरे. मला अंघोळीला जायचंय," आणि त्यांची अंघोळ सकाळीच झालेली होती.

गौरीपूजनाच्या दिवशी मी ताईबरोबर कल्याणला गेलो. तिने तार धुतली होती, पण नथ तिच्यातून काढली नव्हती. मी म्हटलं, सोडवून सुटी नेऊ या, नीट दिसेल. ती म्हणाली, "नाही. आहे तशीच."

ओटीवर सासूबाई रांगोळी घालत होत्या. ताईला पाहून त्यांचा हात थांबला. ताई पायरी चढली नाही. खालीच उभं राहून तिने रुमाल सोडला आणि तार त्यांच्यापुढे केली.

"तळ्यात होती. भावाने काढली, विसर्जनाच्या पायरीच्या डावीकडून," ती म्हणाली.

सासूबाईंनी ती हातात घेतली. नथ ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पण त्या नथीकडे पाहत नव्हत्या. त्यांनी तारेचे वेढे पाहिले, पिळलेली टोकं पाहिली, आणि त्या वळून आत पाहू लागल्या. ताईचे यजमान दारात येऊन उभे होते. सासूबाईंनी नुसती तार वर धरली.

ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी आठवलं होतं. पण तोवर टांगा गेला होता."

"टांगा ठाण्याला गेला होता," सासूबाई म्हणाल्या. "विलायतेला नाही."

मग त्या ताईकडे वळल्या. रांगोळीचे हात पदराला पुसले. "आत ये," म्हणाल्या. "तुझ्या हाताने घाल. मी नाही घालणार."

ताईने पाय धुतले आणि आत गेली. मी दारातून पाहिलं. तिने नथीचा आकडा तारेतून सोडवला, नथ गौरीच्या नाकात अडकवली. त्या वर्षी जुडी सुतळीनेच बांधलेली होती. कागद थोडा फाटला. सासूबाई म्हणाल्या, "फाटू दे." त्यांनी ताईला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि पान वाढायला घेतलं. ताई जेवली. मीही जेवलो. पुरणपोळी होती. सगळं इतकं रोजच्यासारखं चाललं होतं की मला भीती वाटली, ही आता राहते.

हात धुऊन ताई म्हणाली, "येते मी."

"कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

"ठाण्याला. उद्या माझा पाठ आहे. कावळ्याचा."

मला वाटलं आता सासूबाई तिला थांबवतील. त्यांनी आत जाऊन दोन पोळ्या केळीच्या पानात बांधून आणल्या. "तुझ्या आईला दे," एवढंच म्हणाल्या. यजमान आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत आले. मी मुद्दाम पुढे चाललो. मागे ते काय बोलले मी ऐकलं नाही आणि ताईने कधी सांगितलं नाही.

ते पुढे ठाण्याला येत. आधी महिन्यातून एकदा, मग सणावारी. ओसरीवर बसत, ताई चहा देई, दोघं हवापाण्याचं बोलत. तुटलं असं कोणीच म्हणालं नाही. ताईला डोंबिवलीला शाळा मिळाली आणि तिने कोपरच्या बाजूला खोली घेतली. तेव्हा तिथे भातशेती होती आणि पलीकडे मिठागरं. सासूबाई गेल्या तेव्हा ती तेरा दिवस कल्याणला जाऊन राहिली, सुनेने करायचं ते सगळं केलं आणि परत येऊन शाळेत हजर झाली. मी एकदा विचारलं होतं, परत जावंसं वाटलं नाही का कधी. ती वह्या तपासत होती. "वाटलं," म्हणाली, आणि पुढची वही घेतली.

आई गेली, वडील गेले. यंत्र मी सोबत्याला परत केलं होतं आणि त्याने त्यातले व्हॉल्व्ह कोणाच्या तरी रेडिओत घातले. ते तळं अजून आहे. नथ कोणाच्या घरी आहे मला माहीत नाही. त्या दिवशी गौरीपुढून उठताना ताईने रिकामी तार रुमालात बांधून घेतली असावी, मी ते पाहिलं नव्हतं. ती शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली होती. दोन वेढे, पिळलेली टोकं. आता ती माझ्या टेबलावर आहे.